कोरी मशीन, भरलेली मशीन

यवतमाळहून धामणगाव रेल्वेकडे जाताना बाभुळगाव लागतं. तालुक्याचं गाव. भोवती कपाशी, सोयाबीन आणि तुरीचं रान, तालुक्यातच बेंबळा प्रकल्प. तालुक्याचं गाव म्हटलं की तहसील आली, आणि तहसील आली की झेरॉक्स-ऑनलाइनची दुकानं आलीच. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज, कॉलेजच्या प्रवेशाचे फॉर्म असं सगळं तिथे चालतं. अशाच एका दुकानातले मामा आणि पुण्यात सर्व्हर सांभाळणारी त्यांची भाची यांचं हे बोलणं. निमित्त मागच्या टेबलावरच्या जुन्या संगणकाचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ त्या मशीनला झेपत नाही. पुढच्या टेबलावरची मशीन विंडोजवरच राहणार, कारण अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर तिथलंच आहे. मागच्या मशीनवर टायपिंग, पीडीएफ आणि छपाई एवढंच व्हायला हवं. तिथे डेबियन लिनक्स टाकायचं यावर दोघांचं एकमत आहे. किती टाकायचं, यावर मात्र नाही.

मामा : हे काय करून ठेवलंस बाई? काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. विंडोज गेलं ते ठीक, पण त्याच्या जागी आलं काय?

भाची : डेबियन १३ आलं, मामा. ९ ऑगस्ट २०२५ ला निघालेली आवृत्ती. आधी प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना ते पाहून घेतलं, कारण ३२ बिटच्या मशीनसाठीचा इन्स्टॉलर या आवृत्तीपासून बंद झाला. मग पेनड्राइव्हवर नेट-इन्स्टॉलची फाइल घेतली. बसवताना एक यादी समोर येते, डेस्कटॉप हवा का, वेब सर्व्हर हवा का, अशी. त्यातल्या सगळ्या खुणा काढून टाकल्या. उरलं ते कर्नल, शेल, फायली हाताळायची मूळ साधनं आणि पॅकेजेस मागवून बसवणारं अ‍ॅप्ट.

मामा : म्हणजे काहीच नाही म्हण ना. उबुंटूवाले फुकट सीडी पोस्टानं घरी पाठवायचे, आठवते मले. २००५ पासून सुरू होती ती योजना, शिपइट नाव. सीडी घातली की ऑफिस, ब्राउझर, गाणी वाजवायचं, सगळं हजर. २०११ मध्ये ती बंद झाली. तेव्हा जे तयार मिळत होतं, ते तू आता मले सुटं सुटं देणार?

भाची : त्या सीडीत काय असावं, ते लंडनमध्ये बसलेल्या कंपनीनं ठरवलं होतं. ही मशीन दोन जीबी रॅमची आहे. भरगच्च डेस्कटॉप टाकला तर ब्राउझर उघडायच्या आधीच अर्धी रॅम संपेल. इथे जे येईल ते आपण मागवलं म्हणूनच येईल. आणि मागवायला भांडार काही लहान नाही, डेबियन १३ मध्ये ६९,८३० पॅकेजेस आहेत.

मामा : सत्तर हजार! आणि त्यातलं माह्या दुकानाले लागणारं कोणतं, हे मी कसं ओळखायचं? बसवणं सोपं आहे, एक ओळ टाकली की झालं, हे तू मागंच दाखवलंस. नाव माहीत असलं तर. मले नाव माहीत नाही, काम माहीत आहे. गिऱ्हाईक दोन पीडीएफ घेऊन येते आणि म्हणते, एक करून द्या. आता शोध.

भाची : शोधते. "अ‍ॅप्ट सर्च" लिहून पुढे नुसतं पीडीएफ टाकलं तर पडदाभर यादी वाहून जाईल. म्हणून दोन शब्द द्यायचे, पीडीएफ आणि मर्ज. दोन्ही शब्द ज्यांच्या नावात किंवा वर्णनात असतील तीच पॅकेजेस येतात. मग एकेकाचं वर्णन "अ‍ॅप्ट शो" नं वाचायचं. आकार किती, सोबत काय काय येणार, सगळं तिथे लिहिलेलं असतं. मी मात्र पीडीएफयुनाइट वापरते. दोन फायलींची नावं दिली, तिसरं नाव दिलं की जोडून मिळते.

मामा : मग अ‍ॅप्टले म्हण, पीडीएफयुनाइट बसव.

भाची : त्या नावाचं पॅकेजच नाही. ती आज्ञा पॉप्लर-युटिल्स या पॅकेजात असते.

मामा : आता बोल! काम पीडीएफ जोडायचं, आज्ञेचं नाव वेगळं, पॅकेजचं नाव तिसरंच. कोऱ्या मशीनवर हे कोणी सांगावं?

भाची : त्यासाठी अ‍ॅप्ट-फाइल आहे. ते आधी बसवायचं आणि त्याची यादी एकदा ताजी करायची. मग कुठलीही फाइल कोणत्या पॅकेजात आहे ते सांगतं, पॅकेज आपल्याकडे नसलं तरी. पॅकेज बसलेलं असेल तर अ‍ॅप्टच्या हाताखालच्या डीपीकेजीलाच विचारता येतं. उलटही होतं. एखाद्या पॅकेजनं कोणकोणत्या फायली कुठे ठेवल्या, त्याची पूर्ण यादी निघते. विंडोजवर एखादा प्रोग्राम कुठे काय टाकून बसला ते तुम्हाला कधी नीट कळलं होतं का?

मामा : कळलं नव्हतं आणि कळायची गरजही पडली नाही. पण तू माह्या प्रश्नाले बगल दिली. अ‍ॅप्ट-फाइलले विचारायले आज्ञेचं नाव लागते. ते तुले ठाऊक, कारण दिवसभर तू तेच करतेस.

भाची : मान्य. शोधायची साधनं उत्तम आहेत, पण काय विचारायचं ते ती शिकवत नाहीत. ते दुसऱ्या माणसाकडूनच कळतं. आणि एक गंमत सांगते. छपाईसाठी आपण कप्स बसवणारच आहोत, आणि कप्सला पॉप्लर-युटिल्स लागतंच. म्हणजे प्रिंटर चालू झाला की पीडीएफ जोडायचं साधन न मागता घरात आलेलं असेल. पुष्कळदा शोधाचं उत्तर "हे तर आहेच" असं निघतं.

मामा : न मागता आलं म्हणतेस, आणि आत्ताच म्हणालीस की इथे मागवल्याशिवाय काही येत नाही.

भाची : पकडलंत. एकेक पॅकेज आपल्यासोबत कोण हवं ते सांगतं. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, ज्याच्यावाचून चालणारच नाही असं. दुसरी शिफारस, म्हणजे अगदी वेगळी परिस्थिती सोडली तर सोबत असावंच असं. तिसरी नुसती सूचना. पहिलीला इलाज नाही. दुसरीही २००९ च्या डेबियन ५ पासून अ‍ॅप्ट आपोआप बसवतं.

मामा : म्हणजे पत्रिका एकाले दिली तरी सहकुटुंब सहपरिवार येतात.

भाची : तसंच. म्हणून मी शिफारशी बंद करते. आज्ञेत "नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स" असं जोडलं की फक्त घरचे येतात. पुण्यात सर्व्हरवर आमचा तो नियमच आहे.

मामा : सर्व्हरले गिऱ्हाईक तोंडावर येऊन विचारत नाही, "भाऊ, प्रिंट काहून निघत नाही?" शिफारस ज्यानं लिहिली तो ते पॅकेज वर्षानुवर्षं सांभाळतो ना? त्याले लोकांच्या तक्रारी येतात. कशाशिवाय काय अडते हे त्यानं ठेचा खाऊन शिकलं असन. तू एका फटक्यात त्याचा अनुभव बाद करतेस. याले काटकसर म्हणत नाहीत.

भाची : कप्सचंच उदाहरण तुमच्या बाजूनं आहे. त्याच्या शिफारशीत अवाही आहे. ते नसलं तर नेटवर्कवरचे प्रिंटर आपणहून दिसत नाहीत. कप्स चालू असतं, चूक कुठेच दाखवत नाही, फक्त प्रिंटर सापडत नाही. पण दुसरी बाजूही ऐका. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दिसलं की आपल्या मशीनवर एसएसएचनं, म्हणजे दुरून, लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. मागं मागं जात त्यानं एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनात मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा शोधून काढला. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत तो होता.

मामा : वाचलं होतं. पण एसएसएचचा आणि फाइल दाबण्याचा काय संबंध?

भाची : तोच मुद्दा आहे. मूळ एसएसएचला एक्सझेड लागत नाही. डेबियन आणि आणखी काही वितरणांनी सेवा चालू करणाऱ्या सिस्टमडीला "मी चालू झालो" असा निरोप देता यावा म्हणून एसएसएचला एक लायब्ररी जोडली. त्या लायब्ररीच्या मागोमाग एक्सझेडची लायब्ररी आत आली. एका छोट्या सोयीसाठी तिसरंच कुणी घरात शिरलं. म्हणून मी प्रत्येकाला विचारते, तू का आलास? "अ‍ॅप्टिट्यूड व्हाय" लिहून पॅकेजचं नाव दिलं की ते कुणामुळे आलं त्याची साखळी दिसते.

मामा : आणि तेव्हा डेबियनच्या स्थिर आवृत्तीले धक्का लागला होता का?

भाची : नाही. ती खराब आवृत्ती चाचणीच्या शाखांपर्यंतच पोचली होती.

मामा : मग दुकान वाचलं ते तुह्या काटकसरीनं नाही. मधल्या लोकांनी नवं आलेलं लगेच पुढं ढकललं नाही म्हणून वाचलं. जे आपल्या डोळ्याले दिसत नाही ते दुसरा कोणी पाहत असते, हेच मी म्हणतो.

भाची : दोन्ही खरं. म्हणूनच मी भांडाराबाहेरून काही घेत नाही. भांडाराच्या मुख्य यादीवर डेबियनची डिजिटल सही असते. त्या यादीत पॅकेजांच्या याद्यांचे ठसे असतात आणि त्या याद्यांत प्रत्येक पॅकेजचा ठसा. वाटेत एक अक्षर जरी बदललं तरी अ‍ॅप्ट घ्यायला नकार देतं. ते पॅकेज कोणत्या वाटेनं आलं याच्याशी मग काही देणंघेणं नाही.

मामा : वाटेचंच घे. इथली लाइन किती वेळ असते तुले ठाऊक आहे. पावसाळ्यात नेट गेलं की गेलं. कोऱ्या मशीनले सगळं नेटवरूनच आणायचं, मग नेट नसलं तर ती काय कामाची?

भाची : त्यासाठी अ‍ॅप्ट-ऑफलाइन आहे. रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन विकासकानं लिहिलेलं. तीन टप्पे. इथल्या मशीनवर "मला हे हे हवं" अशी एक छोटी फाइल तयार करायची. ती पेनड्राइव्हवर घालून यवतमाळला किंवा कुठेही नेट असेल तिथे न्यायची. तिथे विंडोजची मशीन असली तरी चालतं. ती फाइल वाचून सगळं उतरवून घेतलं की एक झिप मिळते. ती इथे आणून बसवायची. सही आणि ठसे इथेच तपासले जातात, म्हणून पेनड्राइव्ह कुणाच्या हातून आला याची काळजी नाही.

मामा : हे आवडलं. हे नेटवाल्याच्या डोक्यातून निघालेलं नाही, नेट नसलेल्याच्या डोक्यातून निघालं आहे. आता खरी परीक्षा. या काळ्या पडद्यावर मराठी दाखव. पुढच्या मशीनवरून आणलेली फाइल आहे, "अर्ज" नाव आहे, देवनागरीत. यादी काढ.

भाची : काढली... चौकोन दिसतायत.

मामा : चौकोनच दिसणार होते. बसव आता काय लागते ते पॅकेज.

भाची : इथे पॅकेजनं भागणार नाही. लिनक्सच्या या साध्या कन्सोलला एका वेळी २५६ किंवा फार तर ५१२ आकृत्या ठेवता येतात, आणि प्रत्येक आकृती आपापल्या चौकटीत. देवनागरीला मात्र काना-मात्रा-वेलांटी मागेपुढे सरकवावी लागते, जोडाक्षरं घडवावी लागतात. त्यासाठी फॉन्ट हवा, अक्षरं घडवणारी हार्फबझसारखी लायब्ररी हवी, आणि ते रंगवायला ग्राफिक पडदा हवा.

मामा : म्हणजे इंग्रजी लिहिणाऱ्याचं या कोऱ्या मशीनवर आजच चालू झालं. पत्र लिहिलं, वाचलं, फाइल शोधली. माह्या बोलीत लिहिणाऱ्याले अर्धा डेस्कटॉप आणल्याशिवाय आपल्या फाइलचं नावही वाचता येत नाही. तुह्या शोधातही तेच. पॅकेजची नावं इंग्रजीत, वर्णनं इंग्रजीत.

भाची : पॅकेजच्या नावात छोटी रोमन अक्षरं, आकडे, अधिक, उणे आणि टिंब एवढंच चालतं. डेबियनचा तो नियमच आहे.

मामा : मग हे कमीत कमी कोणाचं म्हणायचं? तू सगळ्या खुणा काढल्यास तेव्हा तुले वाटलं, काहीच निवडलं नाही. पण निवड झालीच होती. फक्त ती तुह्या कामाले पुरेशी होती म्हणून दिसली नाही.

भाची : हे मला खरंच सुचलं नव्हतं. सर्व्हरवर कुणी मराठी वाचत बसत नाही. बरं, मग मराठीसाठी शोधू. रोमन अक्षरांत "मराठी" टाकते. हे पाहा, टास्क-मराठी-डेस्कटॉप, लिब्रे-ऑफिसचं आणि फायरफॉक्सचं मराठी भाषांतर, शुद्धलेखनासाठी अ‍ॅस्पेल-एमआर, छापील मराठी मजकूर ओळखणारं टेसरॅक्ट-ओसीआर-मार.

मामा : थांब, हे शेवटचं. स्कॅन केलेल्या जुन्या कागदावरून मजकूर काढते ते?

भाची : हो. स्वच्छ छापलेला असेल तर बरं काढतं, हाताचं अक्षर मात्र नाही. आता "देवनागरी" टाकून पुन्हा शोधते, कारण फॉन्ट बरेचदा भाषेच्या नावाखाली नसतात, लिपीच्या नावाखाली असतात. फॉन्ट्स-देवा आलं. एक घेतलं की गार्गी, नकुल, सहदेव, लोहित असा संचच येतो. आणि मघाच्या यादीत एक वेगळं दिसतंय, फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी. यातला "ल" आणि "श" आपल्या वळणाचा असतो. नुसत्या देवनागरी फॉन्टमध्ये तो पुष्कळदा हिंदीच्या वळणाचा येतो.

मामा : ते घे. लग्नपत्रिकेचा मजकूर मीच करून देतो. हिंदी वळणाचा "ल" दिसला की लोकांले काय चुकलं ते सांगता येत नाही, पण कागद परका वाटते. टायपिंगचं काय?

भाची : इन्स्क्रिप्ट हवा असेल तर काहीच बसवायला नको. ग्राफिक पडद्यासोबत येणाऱ्या कीबोर्डच्या नकाशांमध्ये तो असतोच, फक्त चालू करायचा.

मामा : मी रेमिंग्टनवर शिकलो. टायपिंगच्या परीक्षेले तेच होतं. पन्नाशीनंतर बोटं बदलत नाहीत.

भाची : मग आयबस-एम१७एन लागेल. त्यात मराठीसाठी इन्स्क्रिप्टही आहे, रेमिंग्टनही.

मामा : पाहिलंस? तुह्यासाठी जे शून्य, ते माह्यासाठी एक पॅकेज, आणि त्याच्यामागं त्याचं कुटुंब. मग मले हे सगळं एकेक करून कायले शोधायला लावतेस? सी-डॅकच्या चेन्नई केंद्रानं बॉस लिनक्स काढलं. तेही डेबियनवरच आहे आणि भारतीय भाषा आधीच लावलेल्या. किंवा तुह्याच यादीतलं ते टास्क-मराठी-डेस्कटॉप घे. कोणीतरी बसून विचार केला, मराठी माणसाले काय काय लागन. ती मेहनत फुकट मिळते तर घ्यावी.

भाची : ते "टास्क" नावाचं पॅकेज मलाही पटतं, कारण ते उघडून पाहता येतं. आत स्वतःचं काहीच नसतं, दुसऱ्यांची यादी असते. घ्यायच्या आधी ती यादी वाचता येते, नको ते वगळता येतं. माझा आक्षेप तयार संचाला नाही, न वाचता घेतलेल्या संचाला आहे. आणि तयार संच कितीही भरलेला असला तरी एक गोष्ट त्यात नसतेच, तुमचा प्रिंटर. तुमच्या छोट्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर भांडारात नाही.

मामा : मग घेतला का नेटवरून? व्हिडिओत दाखवतात, एक लांब ओळ कॉपी करायची, चिकटवायची, पासवर्ड टाकायचा, झालं.

भाची : त्या लांब ओळीचा अर्थ असा असतो, "अनोळखी ठिकाणाहून काहीतरी उतरव आणि न वाचता मालकाच्या अधिकारानं चालव." सत्तर हजार पॅकेजांच्या मागची सही, ठसे, चाचणीच्या शाखा हे सगळं त्या एका ओळीत वाया जातं. त्यापेक्षा क्रम लक्षात ठेवा. आधी भांडार. तिथे नसेल तर प्रिंटर बनवणाऱ्याच्याच साइटवरची डेब फाइल, म्हणजे डेबियनचं पॅकेज. ती अ‍ॅप्टनंच बसवायची, म्हणजे तिला लागणारं बाकीचं भांडारातून येतं आणि पुढे काढायची झाली तर पूर्ण निघते. तेही नसेल तर तो प्रिंटर पुढच्या मशीनलाच राहू दे.

मामा : हे सरळ बोललीस. "लिनक्सवर सगळं होते" असं म्हणाली असतीस तर मी उठून गेलो असतो. पण आणखी एक. तू परवा पुण्याले जाशील. मशीन मी चालवीन, आणि माह्यापेक्षा जास्त दुकानातला पोरगा चालवीन. त्याले तुह्या "व्हाय"चं काय करायचं? सहा महिन्यांनी काही बिघडलं तर त्यानं कोणाले विचारावं?

भाची : मशीनलाच. "अ‍ॅप्ट-मार्क शोमॅन्युअल" टाकलं की आपण स्वतः मागवलेल्या पॅकेजांची यादी निघते. कुटुंबासोबत आलेली त्यात नसतात. आम्ही कंटेनरमध्ये अल्पाइन लिनक्स वापरतो. तिथे तर "वर्ल्ड" नावाची एक साधी फाइल असते, तेवढ्यातच सगळा हिशेब. आपली यादी दुसऱ्या मशीनवर नेली की तीच पॅकेजेस तिथे पुन्हा बसवता येतात. कोऱ्यापासून सुरुवात करायचा खरा फायदा हाच आहे. मशीन लहान राहते हे खरं, पण त्याहून मोठं म्हणजे यादी लहान राहते आणि वाचता येते. भरलेल्या मशीनच्या यादीत तुमचं काय आणि आधीपासून असलेलं काय, ते वेगळं काढता येत नाही.

मामा : मग माह्याही दोन अटी. शिफारशी बंद करायच्या नाहीत. इथे सर्व्हर नाही, दुकान आहे. आणि डेस्कटॉप हलका असला तरी पूर्ण पाहिजे, पोराले काळा पडदा दिसता कामा नये.

भाची : एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप घालते, दोन जीबीत बसेल. शिफारशी चालू ठेवते. पण भांडाराबाहेरचं काहीही मला फोन केल्याशिवाय बसवायचं नाही.

मामा : मंजूर. मी अजूनही म्हणतो, तयार संच घेतला असता तर दुपारपर्यंत झालं असतं.

भाची : आणि मी अजूनही म्हणते, त्या संचात रेमिंग्टन आहे का नाही ते तुम्हाला पहिलं गिऱ्हाईक आल्यावर कळलं असतं.

मामा : असो. यादी काढून छाप, भिंतीवर लावतो. प्रत्येक नावापुढं मराठीत लिही, हे कायले आहे. आणि पाह्य, त्या रकान्यात नुसतं "गरजेचं" असं लिहू नको. कोणाच्या गरजेचं, ते लिही.